परी-संसारच्या जागी

ग्वाल्हेरच्या माधवगंजात कुठल्याही बारशाला गेले की कुणीतरी नवीन सून माझं नाव विचारते. मी सांगते, सीमंतिनी. ती लगेच पुढचं विचारते, "मग, संसार कसा चाललाय?" तिच्या मागे बसलेल्या जुन्या बायका पदर तोंडाला लावतात. सीमंतिनी म्हणजे भांगात कुंकू असलेली, आणि माझ्या भांगात एकावन्नाव्या वर्षी पांढऱ्या केसांखेरीज काही नाही. मी न लाजता सांगते, "छान चाललाय. सात पऱ्या, एक राक्षस आणि अकरा मश्रूम. भांडत नाहीत, रंग तेवढा सोडतात."

ग्वाल्हेरहून शिवपुरी रोडने निघालं की 'आनंदबन' नावाचं पार्क लागतं. आधी पाण्याच्या घसरगुंड्या, मग भूतबंगला, मग पाळणे, आणि अगदी शेवटी, कॅन्टीनच्या मागे, माझा भाग. कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'परी-संसार'. हिंदीत संसार म्हणजे जग. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्या काकूंना मात्र चोपन्न वर्षांत कुणी सांगू शकलं नाही.

काकू म्हणजे सुलोचनाबाई. विसाव्या वर्षी साताऱ्याहून लग्न होऊन आल्या. दाना ओली नावाच्या गल्लीत बांगड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, तिथे आता त्या आणि मी. त्यांच्या मते हिंदी ही मराठीच आहे, फक्त इथल्या लोकांना ती नीट बोलता येत नाही.

परी-संसारातल्या पुतळ्यांची देखभाल बावीस वर्षं माझ्याकडे होती. फायबरचं काम मला कुणी शिकवलं नाही, डब्यावरच्या सूचना वाचून शिकले. पहिल्या वर्षी एका परीचा पंख उलटा चिकटवला, तो तसाच आहे. गुलाबी परीचं नाक मी आतापर्यंत सहा वेळा बसवलंय, दर वेळी ते थोडं लांबतं. पोरं येतात, परीशेजारी उभी राहतात, आई फोटो काढते आणि "चलो चलो, वॉटर स्लाइड" करत सगळे निघून जातात. तीन मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलंय. मग घड्याळ लावणं सोडून दिलं.

डिसेंबरात मालकांनी ऑफिसात बोलावलं. मालक संग्रामसिंह म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, मोठ्या मिशांचा माणूस. मनाने हळवे, आणि ते कळू नये म्हणून मोठ्याने बोलतात. शेजारी त्यांची मुलगी गरिमा. पार्कचं सगळं तीच बघते. तिचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं.

"मावशी, परी-संसार आता खूप जुना झालाय ना, लोग बोर हो जाते हैं," ती म्हणाली. "डायनासोरवाली कंपनी आहे एक. पूरा एरिया तेच करून देतात. देखभालीला माणसंसुद्धा त्यांचीच."

"माणसंसुद्धा त्यांचीच," मी म्हटलं. "मग मी?"

"तुम्ही तिकिटाच्या खिडकीत बसा. पंखा आहे तिथे."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पंखा खरंच आहे. पण मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना निळा रंग, अंगठ्यावर कानशीचा घट्टा. हे हात आता आयुष्यभर तिकिटं फाडणार. मी उगाच खोकले.

खोकला संग्रामसिंहांना कळला असावा. "अभी कुछ तय नहीं हुआ," ते गरजले. "सगळ्यांना विचारू. पेटी लावू."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनपाशी एक पेटी आली आणि शेजारी छापील कागदांचा गठ्ठा. वर एकच प्रश्न: 'परी-संसार विदा ले रहा है। नया संसार कैसा हो?' खाली सहा रेघा आणि पाठीमागचं पान कोरं. मंगळवारी पार्क बंद असतं. त्या दिवशी कागद वाचायचे, कंपनीच्या माणसासमोर, आणि ठरवून टाकायचं.

मी एक कागद घरी आणला. रविवारची संध्याकाळ आणि रजा घेऊन सगळा सोमवार त्याच्यावर घालवला. पक्ष्यांचं जंगल काढलं, खोडलं. चंद्रावरचं गाव काढलं, खोडलं. शेवटी कोऱ्या पानावर पाताळ काढलं, नाग, भुयारं, चमकणारे खडे. कागदावर झकास दिसत होतं. पण फायबरात आलं की तेच होणार हे मला दिसत होतं: उभं राहा, फोटो काढ, चल. पुढच्या सहा रेघांवर काय लिहावं ते सुचेना, तेव्हा कागद तसाच टेबलावर ठेवून मी भाजी आणायला उतरले.

परत आले तर काकू मटार सोलत गाणं गुणगुणत होत्या. रात्री न मागता शिरा झाला. सकाळी निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जपून कर गं, पण कर." मी म्हटलं हो. कागद न उलटताच घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पार्कात जाऊन पेटीत.

त्याच दिवशी, मंगळवारी, ऑफिसात आम्ही पाच जण होतो. संग्रामसिंह, गरिमा, मी, वेल्डिंगचं काम करणारे आमचे लक्ष्मीकांत, आणि कंपनीकडून आलेले सौरव नावाचे टाय लावलेले गृहस्थ. त्यांच्या लॅपटॉपवर एक डायनासोर सारखा मान हलवत होता.

पेटी उघडली. बहुतेक कागदांवर 'वॉटर स्लाइड और लगाओ' असं होतं. एकावर 'समोसा छोटा हो गया है'. मग गरिमाने माझा कागद उचलला.

"हे मावशींचं, पाताळ. नाइस आहे." तिने पान उलटलं. "इकडे पण लिहिलंय, मराठीत."

मी मान वर केली. मी काही लिहिलं नव्हतं.

गरिमा अडखळत वाचू लागली. "'संसार लहान असला तरी चालेल, पण दाराशी चूल नको, पोरं भाजतात. ओटा करणाऱ्याच्या कमरेएवढा असावा, बघणाऱ्याच्या नव्हे. पाण्याचा माठ पोराचा हात पोचेल असा ठेवावा. न मागता पाणी मिळालं की पोर ते घर आपलं समजतं. रुसायला एक कोपरा हवाच, नाहीतर माणूस रुसून रस्त्यावर जातो. आणि आल्यागेल्याला काहीतरी काम सांगावं. रिकाम्या हातांनी बसवलेला पाहुणा लवकर उठतो.'" ती थांबली. "खाली ताजा कलम आहे. 'माणूस बरा असेल तर वयाकडे बघू नये. मला कधी भेटवतेस? सुलोचनाबाई.'"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग लक्ष्मीकांतांनी टेबलावर हात आपटला आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकूंना वाटलं ताईंचं लग्न ठरलं! नया संसार!"

"अरे वा," संग्रामसिंह म्हणाले, "अभिनंदन!" त्यांनाही हसू आवरेना. सौरवना गरिमाने हिंदीतून समजावलं, तेव्हा तेही हसले. "अच्छा, संसार मतलब घर-गृहस्थी!"

माझे कान तापले. शिऱ्याचा अर्थ आत्ता लागत होता. मी हात पुढे केला. "द्या तो कागद. चुकून पडला पेटीत."

गरिमाने दिला. घडी घालताना शेवटची ओळ पुन्हा नजरेस पडली आणि माझा हात थांबला. रिकाम्या हातांनी बसवलेला पाहुणा लवकर उठतो. तीन मिनिटं. बावीस वर्षं मला जे सापडत नव्हतं, ते काकूंनी मटार सोलता सोलता लिहून ठेवलं होतं, आणि तेही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

"सौरवजी," मी विचारलं, "आपका डायनासोर क्या करता है?"

"मैडम, गर्दन हिलाता है, पलकें झपकाता है, दहाड़ता है। पूँछ भी हिलती है।"

"और बच्चा क्या करता है?"

सौरव थोडे गोंधळले. "बच्चा... देखता है।"

"किती वेळ?"

मग मीच बोलत सुटले. मागे एकदा शेडच्या दाराशी मी मश्रूम रंगवत होते. एक सात-आठ वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली, म्हणाली, आंटी, मैं करूँ? मी ब्रश दिला. तिने अख्खा मश्रूम रंगवला, त्यावर टिपके काढले, माझा डबा धुतला. शेवटी तिच्या घरच्यांनी माईकवरून नाव पुकारलं तेव्हा कळलं, दीड तास झाला होता. "पऱ्यांना कोण विचारत होतं? तिला काम मिळालं होतं. आपण मुलांचा संसार करू या. त्यांच्या उंचीची एक गल्ली, त्यांच्या उंचीची घरं. चूल, ओटा, पिठाची गिरणी, पोस्ट, दुकान. बघायचं काही नाही. सगळं करायचं."

"भातुकली," संग्रामसिंह हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या आईसाहेबांची पितळी भातुकली होती. मला हात लावू द्यायच्या नाहीत. मुलगा ना मी."

"पप्पा, पण हे चलेगा का?" गरिमा म्हणाली. "आजकल के बच्चे आहेत. त्यांना बटन लागतं."

"तो देख लेते हैं." आवाज परत नेहमीचा झाला. "ताई, पंधरा दिवस. एक कोपरा करून दाखवा. बच्चे रुके तो ठीक, नहीं तो डायनासोर. और आप खिड़की पर."

पंधरा दिवस मी आणि लक्ष्मीकांत कामाला लागलो. तीन मोठ्या मश्रूमांची पोटं कापून आत खोल्या केल्या. ओटा सात वर्षांच्या कमरेएवढा. खोट्या चुलीत लाल बल्ब. माठ खाली. रुसायच्या कोपऱ्यात एक लहान बाक, भिंतीकडे तोंड करून. लक्ष्मीकांत म्हणाले, "ताई, हा बाक माझ्या घरी पण एक करून देतो मी मला."

काकूंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "म्हणजे माणूस नाहीच?" मी म्हटलं, नाही. त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण मग चूल तरी दाराशी नाही ना ठेवलीस?"

रविवार उजाडला. जानेवारीचं कोवळं ऊन, पार्कात तुडुंब गर्दी. दारावरचं कापड काढलं आणि मी बाजूला उभी राहिले. पोरं आली. आत डोकावली. एकाने ओट्याखाली हात घालून बटण शोधलं. "ये चलता कैसे है?" त्याने बापाला विचारलं. बापालाही सापडलं नाही. आईने फोटो काढला, आणि चलो चलो. मी नको म्हणत असतानाही मनगटाकडे बघितलं. दोन मिनिटं. पऱ्यांपेक्षाही कमी.

गरिमा माझ्याजवळ आली. नुसती खांद्याला हात लावून उभी राहिली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तेवढ्यात कॅन्टीनच्या बाजूने काकू येताना दिसल्या, एकट्या रिक्षा करून आल्या होत्या. अंगावर रेशमी लुगडं, ते बहुधा माझ्या लग्नासाठी काढलेलं, आणि हातात मटारांची मोठी पिशवी. कमानीखालून सरळ आत शिरल्या, ओट्यापाशी बसल्या, आणि समोरून चाललेल्या एका मुलीला त्यांनी त्यांच्या हिंदीत हाक मारली, "ए बाळे, इधर आव. ये मटार निवडके दे. मेरेकू एकटीको होता नहीं."

मुलगी थबकली. तिने आईकडे पाहिलं, मटारांकडे पाहिलं. मग बसली. पहिली शेंग फोडताना तीन दाणे उडाले, ते शोधायला तिचा भाऊ ओट्याखाली शिरला. "सापडले का रे? नीट बघ," काकू म्हणाल्या. "और तू, लंबू, तू पानी भर."

लंबूने पाणी भरलं. मग एकीला ओटा पुसायचा होता. दोघांत भांडण झालं, चूल कुणाची यावरून. "भांडा," काकू म्हणाल्या, "पण हात चालू ठेवा." जो हरला तो पाय आपटत कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला बसलेला बघून आणखी तिघांना रुसायचं झालं, तिथे रांग लागली. रांगेत चौथा एक बाप होता. त्याची बायको म्हणाली, "बैठे रहो, घर पर भी यही करते हो."

माझं घड्याळ कधी पर्समध्ये गेलं आठवत नाही. गरिमा मात्र तिच्या फोनवर वेळ बघत होती. "मावशी, चालीस मिनट," ती कुजबुजली. मग बऱ्याच वेळाने, "मावशी, एक घंटा दस." शेवटी तिने फोन ठेवून दिला, कारण काकूंनी तिलाही सालं गोळा करायला लावलं होतं.

संग्रामसिंह दुपारी आले. ओट्यापाशी उकिडवे बसले, मिशांसकट, आणि एका मुलीला म्हणाले, "हमें भी कुछ काम दीजिए." तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि रिकामा डबा दिला. "धो के लाओ." ते धुऊन घेऊन आले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "खिड़की पर किसी और को बिठाऊँगा," आणि दुसरीकडे बघत जोरात खाकरले.

डायनासोर अगदीच रद्द झाला असं नाही. गरिमाचा एकावर जीव होता, तो लहानसा घसरगुंड्यांपाशी येणार आहे. माझ्याकडे गल्ली आहे. पोस्ट आणि गिरणी या महिन्यात, दुकानं होळीनंतर. हाताखाली दोघीजणी मिळाल्यात, त्यांना मी डब्यावरच्या सूचना वाचायला शिकवतेय. सहा पऱ्या लक्ष्मीकांतांच्या शेडमध्ये कापडाखाली झोपल्यात. सातवी, लांब नाकाची, मला टाकवेना. तिला रुसायच्या कोपऱ्यात बसवलंय, भिंतीकडे तोंड करून. पोरं तिची समजूत काढतात.

कमानीचं काम काल केलं. नवीन नाव काय द्यायचं यावर ऑफिसात बराच खल झाला, शेवटी कुणालाच काही सुचलं नाही. मग मी शिडी लावून वर चढले आणि पांढऱ्या रंगाने 'परी-' तेवढं पुसून टाकलं. राहिलेल्या अक्षरांना नवा निळा हात दिला.

काकू खाली उभ्या राहून बघत होत्या, हातात पालकाची जुडी.

"टिंब वाकडं झालंय गं," त्या ओरडल्या.

मी ब्रश परत डब्यात बुडवला.