सातवा आरसा

गोदूबाईने तेल लावलं आणि बाळी चांदीची झाली.

सुनीती शाळेची साडी नेसून बाहेर आली, तो सहा महिन्यांची लेक न्हाऊ घालायला येणाऱ्या गोदूबाईच्या पायांवर आडवी, टाळूपासून टाचेपर्यंत लकाकत, मूठ तोंडात घालायच्या बेतात. सुनीतीने आधी मूठ धरली. मग वाटीकडे पाहिलं. तेल तळाला गेलं होतं.

"गोदूबाई, हे मालिशचं तेल नव्हे."

"मंग? वाटीत हाय, चुलीपाशी हाय. मी म्हनलं, वैद्याचं कायतरी भस्म घातलंय पोरीसाठी."

"फाटकाला रंग लावतात ती चांदीची पूड आहे त्यात."

गोदूबाईने बाळीला उलटसुलट करून पाहिलं. "गंजायची नाय मंग," म्हणाली, आणि चण्याचं पीठ भिजवायला उठली.

भिवपुरीच्या शाळेत त्या दिवशी तपासनीस यायचे होते. सुनीती दोन वर्षं तात्पुरत्या जागेवर विज्ञान शिकवत होती. बाळंतपणानंतर हेडमास्तर म्हणू लागले होते की विज्ञानाला पुरुष मास्तर बरा. साहेब एक तास बघणार आणि ठरवणार, ती कायम की घरी. त्या एका तासासाठी बाळी झोपली की ती पंधरा दिवस तेल तापवत होती. कॉलेजच्या वहीत लिहिलेलं, पसरट भांड्यातलं तेल खालून सारखं तापलं की त्यावर आपोआप सहा कोनांची घरं पडतात. चांदीची पूड असली की ती दिसतात. तिच्या तेलात घरांऐवजी नुसत्या गांडुळांसारख्या रेघा वळवळत.

उरलेलं तेल तिने बाटलीत निथळून घेतलं आणि बाळीच्या कपाळाचा मुका घेतला. ओठ चांदीचे झाले. ते पुसून ती निघाली.

शाळेत वीज नव्हती. वीज मैलभरावर तयार होई आणि सरळ मुंबईला जाई. म्हणून अंगणात तिपाईवर पत्र्याची ताटली, तिच्या बुडाला काजळी, आणि भोवती मातीत बसलेल्या आठवीच्या सात मुली, घरून आणलेले आरसे घेऊन. तेल जेमतेम ताटलीचा तळ झाकण्याइतकं.

"एक," सुनीती म्हणाली. एका आरशाचं ऊन ताटलीखाली गेलं. थोडं थांबून, दोन. मग तीन. सहापर्यंत तेल ढिम्म. साहेबांशेजारी उभ्या हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"सात. मंगळे, आरसा ताटलीला दाखव गं. तुझी वेणी ठीक आहे."

मंगळीने आरसा वळवला. मिनिटभर काही नाही. मग मधोमध एक घर पडलं, त्याला लागून दुसरं, आणि बघता बघता सगळी ताटली पोळ्यासारखी भरली. सुनीतीने हे आजवर पाहिलं नव्हतं. तेलच जास्त होत होतं इतके दिवस, हे तिला तिथे उभ्याउभ्या कळलं. चेहरा तिने रोज हेच बघत असल्यासारखा ठेवला.

"ठसा मारलाय का खाली?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच ऊन अडवून बघा."

साहेबांनी अर्ध्या ताटलीखाली आपली वही धरली. तिथली घरं विरली, उरलेल्या अर्ध्यातली राहिली. वही काढली, घरं परत. साहेबांनी हे सहा वेळा केलं. मुलींचे हात भरून आले.

"सहाच कोन का?"

हेडमास्तर खाकरले.

सुनीतीला घरून पाठ केलेलं एक वाक्य आठवलं. ते तिला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "शोधतेय."

"मलाही नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा वही खाली धरली. त्यांची कर्जतची गाडी तोवर गेली होती.

संध्याकाळी शेरा आला. फळ्यावरचं अक्षर बरं. वर्गात शिस्त बेताची. शिक्षिकेस कायम करण्यास हरकत नाही. खाली वेगळ्या शाईत: तेल फेकू नये, पुढच्या महिन्यात पुन्हा येईन.