तालमीतून हाकललेले बाबा

आमच्या नाट्यमंडळात एक जुनं तीन अंकी नाटक दर दोन-तीन वर्षांनी उभं राहतं. त्यातला विधुर डॉक्टर मुलीवर जीव टाकतो, पण तिने काय वाचायचं, कुणाशी बोलायचं, किती वाजता झोपायचं, सगळं तोच ठरवतो. तिला आलेली प्रेमपत्रंसुद्धा दाबून ठेवतो. शेवटच्या अंकात ती घर सोडायची परवानगी मागते, तेव्हा कुठे तो ती पत्रं तिच्या हातात देतो. वीस वर्षं ही भूमिका आमचे शिंपी करत आलेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

यंदा दिग्दर्शन पहिल्यांदाच त्यांच्या लेकीकडे आलं. मास्तरांची छाती फुगली आणि लगेच त्यांनी तिच्या कामात नाक खुपसलं. दिवे कुठे, खुर्ची कुठे, कुणी कुठून यायचं, सगळं तेच सांगू लागले. भर प्रवेशात, "अगं, गार वारा सुटलाय, शाल घे," हेही होतंच. चौथ्या दिवशी तिने वही मिटली.

"बाबा, तुम्ही घरी जा."

"अगं, आता माझा प्रवेश आहे!"

"तुमचे संवाद मी वाचते. दोन दिवस येऊ नका."

तेही सगळ्यांसमोर! मास्तर तोंड पाडून दुकानात गेले आणि रागाच्या भरात एका कोटाची बाही उलटी लावून बसले.

दुसऱ्या दिवशी पोशाखाचं माप द्यायला शाळेतल्या बाई आल्या. नाटकात मुलीचं काम त्याच करायच्या.

"काय, माझ्यावाचून अडलं का काही?" मास्तरांनी विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. "राग मानू नका. पण काल मला पहिल्यांदाच नीट परवानगी मागता आली."

"म्हणजे?"

"मी 'बाबा, मला' म्हणते न म्हणते, तोच तुम्ही पत्रं काढता. माझं वाक्य पुरं होतच नाही."

"अहो, तिला काय हवंय ते मला ठाऊकच असतं, म्हणून तर..."

"काल तर..."

"काल मी नव्हतोच की!"

"बघा, आताही तेच!"

मास्तर ओशाळून हसले. पण दिवसभर मशीन चालवताना त्यांना घरातली बोलणी आठवत राहिली. लेकीने "बाबा, मला" म्हणावं आणि यांनी "नको", "घे", "जेवून जा" म्हणून मोकळं व्हावं. पुढे ती काय म्हणणार होती, ते त्यांनी कितीदा ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते तालमीच्या दारात उभे राहिले. "येऊ का?"

विचारून आत येणारे बाबा लेकीला नवीनच होते. "या की," ती म्हणाली.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. शेवटच्या अंकात बाई म्हणाल्या, "बाबा, मला..." मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. बाई अडखळत, तुटक तुटक बोलत राहिल्या. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मास्तर नुसते बघत होते. मग त्यांनी पत्रं दिली. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढल्याचं विंगेतही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना लेक म्हणाली, "बाबा, मला..."

मास्तरांच्या जिभेवर 'नको' आलंच होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"नाट्यगृहाजवळ एक खोली मिळतेय. तिथे राहायचंय. आठवड्यातून तीनदा जेवायला येईन."

"चारदा."

"तीनदा."

"बरं बाई. पडदे मात्र मीच शिवणार."

"कापड मी निवडणार."

तिने निवडलं भडक नारिंगी. मास्तरांनी नाक मुरडलं. पण अस्तर लावून, दुहेरी शिलाई घालून त्यांनी ते पडदे शिवले आणि खोलीवर जाऊन टांगूनही आले. निघताना दाराची कडी नीट बसते का, तेवढं मात्र त्यांनी तीनदा तपासलं. लेकीने तपासू दिलं.