मुक्या बोकडाचं रीळ

ताडकळसच्या मुंजाजीकडं हातानं फिरवायचं सिनेमाचं यंत्र होतं आणि कार्टूनची सहा मुकी रिळं. अठरा वर्षं तो आणि त्याची बायको बायनाबाई बाजाराच्या गावांना ती दाखवत हिंडले. मुंजाजी दांडा फिरवायचा, आणि बायनाबाई पडद्याशेजारी उभी राहून चित्रांच्या वतीनं बोलायची. मग बोलपटांचे तंबू आले. छप्पन सालापर्यंत त्याचा खांदा गेला, तिचा घसा गेला. फिल्म वितळवून बांगड्या करणाऱ्या कासाराला रिळं देऊन टाकायचं ठरलं.

हे ऐकून मानवतचे ड्रॉइंग मास्तर किशनराव मोटारीनं आले. असली रिळं ते जमवत असत.

"एकेक रेघ माणसानं हातानं काढलीय, मुंजाजी. बोकडाचं तेवढं दाखवा."

भर दुपारी दार लावलं, खिडकीला घोंगडी टांगली. मुंजाजीनं चांगल्या हातानं दांडा फिरवला, भिंतीवर बोकड आला. त्यानं झाड खाल्लं, घर खाल्लं, नदी शेवयांसारखी सुर्रकन ओढून घेतली. मास्तर गुडघ्यावर हात मारून हसले. मग म्हणाले, "बायनाबाई, बोला की. मी जिंतूरला लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकलंय हे."

"न्हाई मास्तर. लय बोलले. आता नगं."

खोलीत नुसती यंत्राची खरखर. ती मुंजाजीला सोसेना. तोच जाड्या आवाजात म्हणाला, "मला लय भूक लागलीय!"

"तसं न्हाई वो," बायनाबाई कोपऱ्यातून वैतागून म्हणाली. "त्यो भुकेला कुठं हाय? त्याला कुणी थांब म्हणंना, म्हणून त्यो खायलाय." एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. सगळं खाऊन झाल्यावर पांढऱ्या भिंतीवर बोकड एकटाच उभा राहिला. रीळ संपलं.

मास्तरांनी डोळे पुसले. "शाळेत दाखवू. दोघंही या, मी गाडी पाठवतो."

"रिळं घिऊन जावा," ती म्हणाली. "समदी न्या. आमी न्हाई येत."

मुंजाजीनं बायकोकडं पाहिलं आणि मान हलवली. सहाही डबे त्यानं पोत्यात बांधून दिले. मोटारीत मास्तरांच्या मांडीवर पोतं ठेवत तो म्हणाला, "इस्तवापासून जपा. लगीच पेटतंय."

मोटार गेली. तो घरी आला तेव्हा बायनाबाई जमिनीवरच, पदर डोक्याखाली घेऊन झोपली होती. तिच्या शेजारी तोही आडवा झाला. दिवेलागण झाली, शेजारची कमलबाई हाका मारून गेली, तरी अठरा वर्षांच्या थकव्यानं गाढ झोपलेली दोघं उठली नाहीत.