छातीचा फोटो स्वच्छ होता

"शिंप्याची पाठ दुखणार नाही तर कुणाची दुखणार?" डॉक्टर हसत म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी त्यांनी पुढे सरकवली.

समोर बसलेला शिंपी कसनुसा हसला. पण हे दुखणं मशीनवर वाकून होणाऱ्या दुखण्यापेक्षा वेगळं होतं. आडवं पडलं तरी ते थांबत नव्हतं. संध्याकाळी अंग कणकण करायचं. गिऱ्हाइकांचे कपडे बेतणाऱ्या त्या माणसाला स्वतःचीच पँट दोनदा आत घ्यावी लागली होती. त्याला एचआयव्हीची लागण होती. त्यावरच्या गोळ्या तो न चुकता घ्यायचा. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, म्हणूनच की काय, ते टेबलापलीकडूनच त्याची तपासणी उरकत.

"टीबी तर नसेल ना?" सोबत आलेल्या त्याच्या ताईने विचारलं. ती बसवर कंडक्टर होती. गर्दीला धाकात ठेवायची सवय असल्याने कुणाची भीडभाड बाळगत नसे.

"छातीचा फोटो स्वच्छ, थुंकी स्वच्छ. मग टीबी येणार कुठून? अहो ताई, त्या आजारात माणूस खंगतोच. मनाची तयारी ठेवा."

ताईचा संताप मस्तकात गेला, पण भाऊ तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला. "जाऊ दे. एवढे शिकलेले आहेत, त्यांना कळत असेलच."

पुढच्या खेपांनाही तेच उत्तर आणि त्याच वेदनाशामक गोळ्या. मग एके सकाळी दुकानात मशीन चालवताना त्याचा पाय पायट्यावरून घसरला आणि पुन्हा उचललाच गेला नाही. शेजारच्या दुकानदाराने ताईला फोन केला. तिने अर्ध्यातच ड्युटी सोडली आणि भावाला घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठलं.

तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला कुशीवर वळवलं. मानेपासून खाली एकेक मणका दाबत त्या कमरेच्या जरा वर पोचल्या, तसा तो कळवळला. तिथे हाडाचा लहानसा उंचवटा हाताला लागत होता. कुणीही हात लावला असता तर कळला असता. मणक्याचं स्कॅनिंग झालं. सुईने पू काढून तपासला. टीबीच निघाला. मणका पोखरून तो मज्जारज्जू दाबत होता.

दुसऱ्या दिवशी ताई जाऊन त्या पहिल्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. "माझा भाऊ लुळा पडलाय. चला, बघायला चला." बाहेर पेशंट ताटकळत होते. पण तिचा चेहरा पाहून डॉक्टर मुकाट्याने उठले.

खाटेपाशी ते म्हणाले, "फोटो स्वच्छ होता, म्हणून मला वाटलं..."

"फोटो छातीचा होता. दुखत होती पाठ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एचआयव्ही असलेल्या माणसात टीबी फुफ्फुस सोडून कुठेही ठाण मांडतो. गाठीत, मणक्यात, पोटात, मेंदूच्या आवरणात. थुंकीत सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं कुठे शिकलात? हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. तुम्हाला त्याला हात लावायची भीती वाटली, आणि त्या भीतीला तुम्ही निदान म्हणालात."

डॉक्टर वाकले आणि त्यांनी शिंप्याच्या पाठीवर हात ठेवला. "मला माफ करा," ते म्हणाले. शिंप्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शस्त्रक्रिया झाली, टीबीची लांबलचक औषधं सुरू झाली. शिंपी उठला, काठी टेकत चालू लागला. डाव्या पायात मात्र पूर्वीचं बळ आलं नाही. आता तो हातशिलाई आणि काजं-बटणं करतो. त्या डॉक्टरांकडे आता एचआयव्हीचा रुग्ण गेला, की ते उठून जवळ येतात, मान चाचपतात, पोट दाबून पाहतात, पाठ तपासतात, गाठ दिसली की सुई घालून पाणी तपासायला पाठवतात. चांगली गोष्ट आहे. पण ताई त्यांच्याशी आजही बोलत नाही, आणि तिचं काय चुकलं?

वाचकहो, असा ताप, असं खंगणं तुमच्या घरात असेल, तर "त्या आजारात असं व्हायचंच" हे वाक्य कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. एचआयव्ही असलेला माणूस औषधांवर वर्षानुवर्षं जगतो, आणि टीबी शोधला तर बरा होतो. तो शोधायचा असतो, जिथे दुखतंय तिथे. विचारा, पुन्हा विचारा, भांडा. तिथे गप्प बसण्यात कसला आलाय शहाणपणा!