राखेत निवलेली कडी

तीस वर्षांत माणिकरावांच्या हातून मळणीयंत्रापासून पाणबुडी पंपापर्यंत काय काय घडलं होतं! पण परभणीच्या एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपात बोटभर रुंदीच्या एका पोलादी कडीनं त्यांचा जीव नुसता खाल्ला होता. देशाचं उपग्रह सोडणारं नवं रॉकेट यायचं होतं, त्याच्या इंजिनातल्या झडपेची ही कडी. इंजिन मात्र परदेशी कंपनीचं. नकाशे, रीती, सगळं त्यांच्याकडून परवान्यावर आणलेलं, आणि वर बजावलेलं की कागदात आहे तसंच करा.

बरं, तसंच तर तसंच! लेथवर कडी उतरवली, भट्टीत लाल केली, कागदात म्हटल्याप्रमाणे उघड्या हवेत गार केली, तर खाचेपाशी केसाएवढी चीर. एक नाही, दोन नाही, चांगल्या सात कड्या वाया गेल्या. आठवीला माणिकरावांचं डोकं फिरलं. पोखर्णीला त्यांचे वडील लोहारकाम करायचे. त्यांच्यासारखीच यांनीही लाल कडी तुराट्यांच्या गरम राखेत पुरली आणि दिवसभर तिला हात लावला नाही. संध्याकाळी काढली, तर चीर नाही की डाग नाही! घरी पार्वतीबाईंनी अर्ध्या पोखर्णीला फोन करून सांगितलं, आमच्या ह्यांची कडी आभाळात जायलीय.

दोन दिवसांनी प्रकल्पाच्या इंजिनिअर शुभदा मॅडम तपासणीला आल्या. मापं घेतली, यंत्राखाली धरली, आणि पोरीच्या तोंडावर हसू मावेना.

"काका, पास! आता एवढा फॉर्म भरा. कशी केली ते लिहा."

"राखंत गार केली. त्यात काय लिहायचं?"

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी परवान्याची प्रत काढली, दोनदा वाचली.

"यात एक कलम आहे, काका. त्यांच्या कागदात नसलेली रीत इथं निघाली, तर ती त्यांना कळवायची. मग ती त्यांची होते."

"त्येंची म्हंजी?"

"म्हणजे पुढची कडी अशी करायची, तर त्यांची लेखी परवानगी लागेल."

"राखंला परवानगी?" माणिकराव भडकलेच. "अवो, माझा बाप नांगराचे फाळ आसेच गार करायचा! मंग ही रीत आत्ता हितं निघाली कुठं?"

"वडिलांनी कुठं लिहून ठेवलंय का?"

"त्येला सही येत नव्हती, मॅडम."

मॅडमनी फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. माणिकरावांना त्यांच्यावर चिडावं की त्यांची कीव करावी, तेच उमजेना. इंजिन आपण त्या कंपनीकडून आणलं, मग राख तिच्याकडं कशी गेली? आपण शिकणारे की शिकवणारे?

"न्हाई लिवलं तर?"

"तर ही कडी रॉकेटमध्ये जाणार नाही. कशी केली ती रीत नोंदल्याशिवाय काहीच जात नाही."

"तुमाला तरी पटायलंय का हे?"

"मला काहीच कळेनासं झालंय, काका."

कडी टेबलावर होती. इतकी सुबक वस्तू आयुष्यात त्यांच्या हातून झाली नव्हती, आणि ती वर जावी असं त्यांना फार, फार वाटत होतं. त्यांनी पेन घेतलं. राख कशाची, किती गरम, कडी किती वेळ पुरायची, सगळं खरंखरं लिहिलं. खाली रकाना होता, रीत कुणाची. तिथं त्यांनी एकेक अक्षर कोरून लिहिलं: गोपाळ मिस्त्री, पोखर्णी.

मॅडमनी वाचलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "काका, तिथं त्या परदेशी कंपनीचं नाव लागतं. नाहीतर फॉर्म परत येईल."

माणिकरावांनी पेन पुन्हा मागून घेतलं. मग बापाच्या नावावर त्यांनी स्वतःच्या हातानं रेघ मारली, आणि शेजारी काय लिहायचं ते मॅडमना विचारलं.