तिरका काप

दादा गेल्याला वर्ष झालं, तेव्हा वहिनी त्याचा लाकडं कापायचा जुना चेनसॉ माझ्या वर्कशॉपमध्ये घेऊन आल्या. "भाऊजी, एवढा चालू करून द्या. बाकी काही नको."

कार्बोरेटरमधला रबरी पडदा चिरला होता. हे मॉडेल बंद होऊन तीस वर्षं झाली. त्या टिचभर पडद्यासाठी मी चार महिने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. मिळाला एकदाचा. चौथ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन धडधडलं.

मग चेनचे दात पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. एका बाजूचे आखूड, दुसऱ्या बाजूचे लांब! दादा धार लावताना एका बाजूला कानस जोर लावून चालवायचा आणि दुसरी बाजू कशीबशी उरकायचा. त्यामुळे त्याचा काप कायम तिरका जायचा. त्यावरून मी त्याला जन्मभर बोललो. आता अडवायला तो नव्हता. मी एकेक दात मापून सारखा केला.

वहिनी न्यायला आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर ओंडका कापून दाखवला. काप सुतासारखा सरळ. "बघा!" मी म्हटलं.

त्यांनी कापावरून बराच वेळ हात फिरवला.

"यांचा तिरका यायचा," त्या म्हणाल्या. "चुलीत लाकूड घालताना हाताला कळायचं. मला वाटलं, मशीन चालू झालं की पुन्हा तसंच कापेल."

कानशीचा कीस अजून माझ्या पायाशी पडला होता.

"परसात यांनी कापलेली थोडी लाकडं उरलीत," वहिनी म्हणाल्या. "ती आता जाळत नाही."