सासूबाईंचं उड्डाण

सासूबाई येणार म्हणून पायलटने आदल्या दिवशी दाढी केली, पॅराग्लायडिंगच्या छत्रीच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा तपासल्या आणि गाडीवाल्याला सकाळी लवकर यायची तंबी दिली. त्याला सगळे पायलटच म्हणत, एक सासूबाई सोडून. त्यांच्या लेखी तो पाहुण्यांना पोटाशी बांधून, कापडाच्या छत्रीला लटकत डोंगरावरून खाली आणणारा बिनकामाचा माणूस होता. सपाटीवरच्या गावात त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. "कापडातच जन्म काढायचाय ना, मग जमिनीवर उभं राहून काढा," असं त्या लग्नापासून सुनावत आल्या होत्या.

आता बायकोला सातवा महिना लागला होता आणि हे बोलणं थट्टेवारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. दुपारी आभाळ गडगडलं की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि नवरा दारात दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी तोडगा तिनेच काढला. आईने यावं, नवऱ्याबरोबर एकदा उडावं, आणि मग आई म्हणेल ते दोघांनी मुकाट्याने ऐकावं. आईचा होकार आला तर उडणं चालू, नाही तर छत्री विकून दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं. पायलटने मान हलवली खरी, पण गल्ल्यावर बसलेला आपला अवतार त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

उन्हाळ्यात त्या डोंगरांत उडायचं ते सकाळी. दुपारी ढग कधी उठेल आणि कुठे फुटेल याचा भरवसा नसतो. म्हणून तर लवकर निघायचं ठरलं होतं. पण सासूबाईंना वळणाचा रस्ता बाधला. दर दोन वळणांनी गाडी थांबे, त्या उतरत, ओकत, आणि तोंड पुसून पुन्हा ताठ बसत. उडायच्या माळावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. गाडी त्यांना सोडून खालच्या मैदानाकडे निघूनही गेली, कारण वर आलेली माणसं उडूनच खाली जातात.

माळाच्या पाठीमागे, कड्याच्या वर, कोबीच्या गड्ड्यासारखा एक ढग उठला होता. त्याचं बूड अजून तेवढं काळं नव्हतं.

सासूबाईंनी हेल्मेट घातलं, पट्टे बांधून घेतले. "करा काय करायचं ते," म्हणाल्या. पायलटने सवयीने चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडलं. ते सरळ त्याच्या छातीवर येऊन आदळलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तसंच. उन्हाळ्यातल्या दुपारी दरीतला वारा हुलकावण्या देतो. एक झोत येतो, मध्येच पडतो, मग दुसरा येतो. हा वारा मात्र पंख्यासारखा एकसारखा वाहत होता, ना कमी ना जास्त.

"असा वारा मागून मिळत नाही!" शेजारी छत्री पसरत गॉगल ओरडला. रात्रीसुद्धा काळा चष्मा कपाळावर ठेवणारा हा त्याचा जोडीदार. वाऱ्यापुढे छाती काढायची त्याला भारी हौस.

नव्या उडणाऱ्यांना असा वारा म्हणजे लॉटरी वाटते. पायलटलाही एकेकाळी वाटायची. पण पाठीमागचा ढग मोठा होऊ लागला की चहूबाजूंची हवा स्वतःकडे ओढतो, आणि दरीतून वर चढणारा वारा असा गुळगुळीत होतो. तो उचलतो छान. खाली सोडेलच असं नाही.

पायलटने ढगाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. दहा मिनिटांचा तर खेळ होता. एक झेप, एक उतरणं, आणि गल्ल्याची ब्याद कायमची टळली असती. आता नाही म्हणायचं म्हणजे स्वतःच्या हाताने दुकानाचं शटर उघडायचं. त्याला मनापासून उडायचं होतं. तरी त्याने त्यांच्या पट्ट्याला हात घातला आणि खटका सोडला.

"आई, आज नाही."

"का? काय झालं?"

"वारा फार चांगला आहे."

"चांगला आहे म्हणून नाही?" सासूबाईंचा आवाज चढला. "जावईबापू, मी आतडी पिळवटून इथवर आले ती हे ऐकायला?"

"पाठीमागचा ढग ओढतोय हवा. माझी हिंमत नाही."

"घाबरलात?"

"हो."

"अरे, सासूबाईंना तरी घाबर!" गॉगल हसत म्हणाला. त्याच्यापुढे बांधलेला पाहुणाही हसला. मग दोघे चार पावलं धावले आणि अलगद दरीवर तरंगले. काय सुंदर उडाले! सासूबाई ते ठिपका होईपर्यंत बघत राहिल्या.

"त्याला नाही कळत का?" त्यांनी विचारलं. पायलटने छत्री गुंडाळून पाठीवर घेतली.

पायवाटेने उतरताना सासूबाईंनी त्याचा पदोपदी उद्धार केला. चपळाई, मर्दानगी, एकविसावं शतक, काहीच सुटलं नाही. अर्ध्या वाटेवर उजेड पिवळा पडला, वारा एकदम फिरला आणि पाठीत धक्के मारू लागला. पहिल्या कडकडाटाला सासूबाईंनी त्याचा दंड धरला. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची पत्र्याची खोली गाठेपर्यंत गारांनी दोघांना झोडपून काढलं होतं. आत घमेली, फावडी आणि डांबराचा वास. बाहेर झाडं जमिनीला टेकत होती.

तेवढ्यात फोन वाजला. गॉगल होता. गारांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून पायलटने स्पीकर लावला.

"पोचलो रे! पाऊस यायच्या आत गाडीत बसलोसुद्धा. चहा पितोय. तुम्ही कुठे?"

पायलटने फोन ठेवला. कान लाल झाले होते. सासूबाईंच्या केसांतून पाणी गळत होतं.

"म्हणजे आपणही पोचलो असतो?"

खोटं बोलायला हीच वेळ होती, पण त्याला ते जमलं नाही. "हो. बहुतेक पोचलो असतो."

"बहुतेक म्हणजे?"

"दहापैकी नऊ वेळा."

सासूबाई उलट्या घमेल्यावर बसल्या. मग स्वतःचा फोन काढून त्यांनी लेकीला लावला. पायलट दाराकडे तोंड करून उभा राहिला. काय ऐकावं लागणार ते त्याला ठाऊक होतं.

"अगं, नाही उडालो. हो, भिजलोय, पण धड आहोत. तू जेवलीस का? नाही, त्यानेच नाही म्हटलं. मी चारचौघांत त्याला भेकड ठरवलं, तरी नाही ऐकलं." त्या थांबल्या. "तुझ्या बाबांना लोक नुसतं म्हणायचे, तुमच्यासारखा ड्रायव्हर नाही, की निघाले गाडी काढून. त्या पुरातसुद्धा तसेच निघाले. दहापैकी नऊ वेळा परत आले गं ते."

पलीकडून बायको काहीतरी विचारत होती.

"दुकानाचं मी बघते. माणसं मिळतात." सासूबाईंनी नाक ओढलं. "तू खिडकीशी उभी राहू नकोस. याला उशीर होईल, पण हा घरी येईल."

पायलटने पाठीवरची छत्री खाली ठेवली आणि कारण नसताना तिचे पट्टे आवळत बसला. त्याला रडू येत होतं आणि ते सासूबाईंना दाखवायचं नव्हतं.